रोजच्या बातम्यांचा पॉडकास्ट ऐकताना घडामोडीचा टप्पा कसा ओळखावा

राज्यातील आणि देशातील राजकीय-सामाजिक प्रश्नांवर रोज प्रसिद्ध होणारे बातम्यांचे पॉडकास्ट आता अनेकांच्या दिनक्रमाचा भाग झाले आहेत. वर्तमानपत्रात एखादे वाक्य खटकले की वाचक पुन्हा मागे जातो, तारीख पाहतो, शेजारची चौकट वाचतो. कानाने ऐकताना ही सोय नसते. निवेदकाचा आवाज पुढे सरकत राहतो आणि ‘सरकारने निर्णय घेतला’, ‘न्यायालयाने फटकारले’, ‘अहवालातून उघड झाले’ ही वाक्ये एकाच ठामपणाने कानावर पडतात. अशा वेळी श्रोत्याची गफलत होते ती बहुतेकदा खोट्या माहितीमुळे नव्हे, तर खऱ्या माहितीचा टप्पा लक्षात न आल्यामुळे होते, असे माझे मत आहे. घोषणा आणि निर्णय, विधेयक आणि कायदा, गुन्ह्याची नोंद आणि दोषसिद्धी यांच्यामध्ये कधी काही आठवडे, तर कधी काही वर्षे असतात. वीस-पंचवीस मिनिटांच्या भागात हे अंतर सहज पुसले जाते. ते अंतर पुन्हा कसे दिसू लागेल आणि मूळ कागदापर्यंत कसे पोहोचावे, यासाठी पुढील मार्गदर्शन आहे.

ऐकायला सुरुवात करताना

सर्वप्रथम भागाची प्रसिद्धीची तारीख पाहावी. अ‍ॅप आपल्याला जुना भागही ‘तुमच्यासाठी’ म्हणून पुढे करते आणि निवेदक ‘आज’, ‘काल’ असे म्हणत असल्यामुळे तो जुना आहे हे बोलण्यावरून कळत नाही. महाराष्ट्रातील तिसऱ्या भाषेच्या वादाचे उदाहरण यासाठी पुरेसे आहे. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य करणारा शासन निर्णय 16 एप्रिल 2025 रोजी निघाला. 17 जून रोजी सुधारित शासन निर्णय येऊन अनिवार्यतेच्या जागी हिंदी ‘सर्वसाधारणपणे’ शिकवावी अशी भाषा आली. आणि 29 जून रोजी दोन्ही निर्णय रद्द करून डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याची घोषणा झाली. एप्रिलअखेरचा, जूनच्या मध्याचा आणि जुलैच्या सुरुवातीचा असे तीन भाग आज कोणी ऐकले, तर तिन्ही आपापल्या दिवशी बरोबर असूनही श्रोत्याच्या हाती एकमेकांना छेद देणारी तीन चित्रे येतील.

ऐकताना सर्व काही लिहून घेण्याची गरज नाही. तसे करणारा श्रोता आठवडाभरात कंटाळतो. ज्या विधानावर आपण पुढे कोणाशी बोलणार आहोत, कुटुंबाच्या गटात ते पाठवणार आहोत किंवा ज्याच्या आधारे अर्ज, मत अथवा खर्च यांपैकी काही ठरवणार आहोत, तेवढेच टिपावे. टिपताना तीन गोष्टी लिहाव्यात: हे कोणी केले किंवा म्हटले, नेमके काय केले, आणि हे विधान भागात कितव्या मिनिटाला आले. ‘केंद्र सरकार अमुक कायदा आणत आहे’ एवढेच टिपले, तर संध्याकाळी त्याचा काहीही उपयोग होत नाही. ‘मंत्रिमंडळाने मसुद्याला मान्यता दिली, विधेयक अजून मांडलेले नाही, मिनिट 7’ असे टिपले असेल, तर पुढचा शोध निम्मा झालेला असतो. दीडपट वेगाने ऐकण्याची सवय असेल, तर एवढ्या भागापुरता वेग कमी करावा, कारण ‘मांडले’ आणि ‘मंजूर झाले’ यांतला फरक नेमका याच घाईत निसटतो.

राज्य सरकारचा निर्णय: घोषणेपासून शासन निर्णयापर्यंत

मंत्र्याने सभेत किंवा पत्रकार परिषदेत सांगितलेली गोष्ट, मंत्रिमंडळाच्या बैठकीत झालेला निर्णय आणि संबंधित विभागाने काढलेला शासन निर्णय, ज्याला सगळे जण जीआर म्हणतात, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पॉडकास्टमध्ये तिन्हींना ‘सरकारचा निर्णय’ म्हटले जाते. सामान्य नागरिकाच्या दृष्टीने महत्त्वाचा असतो तो शासन निर्णय, कारण पात्रता, अटी, कागदपत्रे, अंतिम तारीख आणि खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली होणार हे त्यात लिहिलेले असते. तो राज्य शासनाच्या संकेतस्थळावर विभाग, दिनांक किंवा सांकेतांक यांच्या साहाय्याने शोधता येतो आणि बहुधा मराठीतच असतो. फक्त त्याची प्रस्तावना ओलांडून ‘शासन निर्णय’ या शीर्षकाखालील परिच्छेदापासून वाचायला सुरुवात करावी.

शासन निर्णय सापडला म्हणजे काम संपले असे मात्र नाही. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेची घोषणा 28 जून 2024 रोजी अर्थसंकल्पात झाली आणि शासन निर्णयही त्याच दिवशी निघाला. त्यात वयोमर्यादा 21 ते 60 वर्षे होती. जुलैच्या पहिल्याच आठवड्यात ती 65 पर्यंत वाढली, अर्जाची मुदत 31 ऑगस्टपर्यंत लांबली आणि पाच एकर शेतजमिनीची अट वगळण्यात आली. जूनअखेरच्या भागातील माहितीवर विसंबून 62 वर्षांच्या एखाद्या बाईंनी अर्जच केला नसता, तर दोष पॉडकास्टचा नसता. म्हणून योजनेसंबंधी काही ऐकले की मूळ शासन निर्णयाबरोबर त्याच विषयावरचे शुद्धिपत्रक आणि सुधारित निर्णयही पाहावेत. नंतरचा कागद आधीच्या कागदातील अटी बदलत असतो आणि निवेदकाने कोणता वाचला आहे हे आपल्याला ठाऊक नसते.

विधेयक, कायदा आणि अंमल

केंद्रीय कायद्यांबाबत गोंधळ जास्त होतो, कारण येथे टप्पे अधिक आहेत. विधेयक मांडले जाते, कधी स्थायी किंवा संयुक्त समितीकडे जाते, दोन्ही सभागृहांत मंजूर होते, राष्ट्रपतींची संमती मिळते, राजपत्रात प्रसिद्ध होते, आणि तरीही तो अमलात आलेला असतोच असे नाही. अनेक कायद्यांच्या पहिल्याच कलमात ‘केंद्र सरकार राजपत्रातील अधिसूचनेद्वारे ठरवील त्या दिनांकापासून’ तो अमलात येईल असे लिहिलेले असते. श्रोत्याने कायदा उघडताच आधी हेच कलम पाहावे. बाकीच्या तरतुदी नंतर वाचल्या तरी चालतात.

संसदेने सप्टेंबर 2023 मध्ये मंजूर केलेल्या महिला आरक्षणाच्या 106 व्या घटनादुरुस्तीत पुढील जनगणना आणि त्यानंतरची मतदारसंघ पुनर्रचना झाल्यावर आरक्षण लागू होईल अशी अट होती. त्यामुळे 2024 ची लोकसभा निवडणूक त्या आरक्षणाविनाच झाली, आणि ‘महिलांना 33 टक्के आरक्षण मिळाले’ हे त्या आठवड्यातील मथळ्याचे वाक्य मतदाराच्या अनुभवाशी जुळले नाही. नागरिकत्व सुधारणा कायदा डिसेंबर 2019 मध्ये संमत झाला, जानेवारी 2020 पासून अमलात आला, परंतु अर्ज कसा करायचा हे सांगणारे नियम मार्च 2024 मध्ये निघाले. नियम नसताना कायदा असणे म्हणजे काय, याचे हे उत्तम उदाहरण आहे: हक्क कागदावर असतो, पण तो मागण्याची खिडकी उघडलेली नसते.

उलट दिशेनेही हेच लक्षात ठेवावे. तीन कृषी कायदे जून 2020 मध्ये अध्यादेश म्हणून आले, सप्टेंबरमध्ये संसदेत मंजूर झाले, जानेवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली. पंतप्रधानांनी 19 नोव्हेंबर 2021 रोजी ते मागे घेण्याची घोषणा केली तेव्हा कायदे रद्द झाले नव्हते. रद्द करणारे विधेयक संसदेने 29 नोव्हेंबरला मंजूर केले आणि त्यानंतर राष्ट्रपतींची संमती मिळाली. आंदोलकांनी घोषणा ऐकूनही त्या दिवशी तळ हलवला नाही, त्यामागे हाही एक विचार होता. अध्यादेशाबाबत एवढे लक्षात असावे की संसदेचे अधिवेशन पुन्हा सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याला संसदेची मान्यता मिळाली नाही, तर तो संपतो. ‘अध्यादेश काढला’ असे ऐकल्यावर पुढील अधिवेशन कधी आहे, हा प्रश्न आपोआप मनात यायला हवा.

विधेयकाचा मजकूर आणि त्याचा प्रवास संसदेच्या संकेतस्थळावर मिळतो, अधिसूचना ई-राजपत्रात मिळतात, आणि सुबोध सारांश हवा असेल तर पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेची टिपणे उपयोगी पडतात. पत्र सूचना कार्यालयाचे प्रसिद्धिपत्रक वाचावे, परंतु ते सरकारची बाजू सांगणारे पत्रक आहे, कायद्याचा मजकूर नव्हे, हे ध्यानात ठेवूनच.

न्यायालयातील बातमी

माझ्या मते रोजच्या पॉडकास्टमध्ये सर्वांत सावधपणे ऐकण्याचा भाग हाच आहे. सुनावणीच्या वेळी न्यायाधीश वकिलांना प्रश्न विचारतात, शंका मांडतात, कधी तिखट बोलतात. ‘न्यायालयाने सरकारला झापले’ ही बातमी बहुधा या संवादातून येते आणि त्याच दिवशीच्या लेखी आदेशात त्यातले एक अक्षरही नसू शकते. एप्रिल 2021 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कोविडच्या लाटेतील प्रचारसभांवरून निवडणूक आयोगाविषयी अतिशय कठोर तोंडी उद्गार काढले. आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. 6 मे 2021 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने माध्यमांना सुनावणीतील संवादाचे वार्तांकन करण्यापासून रोखण्यास नकार दिला. त्याच वेळी तोंडी शेरे हे अधिकृत न्यायिक नोंदीचा भाग नसतात, त्यामुळे ते नोंदीतून काढून टाकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, हेही स्पष्ट केले. श्रोत्यासाठी यातून सरळ नियम निघतो: पॉडकास्टमध्ये न्यायालयाचे म्हणणे ऐकले की ते सुनावणीतील आहे, अंतरिम आदेशातील आहे की अंतिम निकालातील, हे आधी ठरवावे, आणि भागात ते सांगितलेलेच नसेल, तर ते सुनावणीतील आहे असे धरून चालावे.

अंतरिम आदेश हा निकाल नसतो. वक्फ सुधारणा कायद्यावर सर्वोच्च न्यायालयाने 15 सप्टेंबर 2025 रोजी काही तरतुदींना स्थगिती दिली आणि संपूर्ण कायदा स्थगित करण्यास नकार दिला. त्या दिवशी दोन्ही बाजूंच्या लोकांनी विजयाच्या प्रतिक्रिया दिल्या, आणि फक्त एका बाजूचा पाहुणा बोलावलेला भाग ज्याने ऐकला असेल, त्याला आदेशाचा अर्धाच भाग कळला असेल.

मराठा आरक्षणाचा प्रवास पाहिला की टप्पे किती लांबू शकतात ते कळते. नोव्हेंबर 2018 मध्ये विधिमंडळाने 16 टक्के आरक्षणाचा कायदा केला. जून 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो वैध ठरवताना प्रमाण शिक्षणासाठी 12 आणि नोकऱ्यांसाठी 13 टक्क्यांवर आणले. सप्टेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम स्थगिती देऊन प्रकरण मोठ्या पीठाकडे पाठवले. 5 मे 2021 रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने कायदा रद्द केला. आणि फेब्रुवारी 2024 मध्ये विधिमंडळाने 10 टक्क्यांचा नवा कायदा केला, त्यालाही न्यायालयात आव्हान मिळाले. या प्रत्येक वळणावर ‘आरक्षण मिळाले’ किंवा ‘आरक्षण गेले’ असा भाग प्रसिद्ध झाला असणार. ज्या विद्यार्थ्याचा प्रवेश त्यावर अवलंबून आहे, त्याने कोणत्याही भागावर थांबू नये. त्या तारखेला प्रवेश प्राधिकरणाने काढलेली सूचना पाहावी, कारण स्थगितीचा परिणाम झालेल्या आणि होऊ घातलेल्या प्रवेशांवर वेगवेगळा होत असतो.

सर्वोच्च न्यायालयाचे निकाल त्याच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. शंभर-दोनशे पानांचा निकाल सर्वांनी वाचावा अशी अपेक्षा अवास्तव आहे. शेवटची पाने, जिथे न्यायालय प्रत्यक्ष आदेश आणि निर्देश लिहिते, ती वाचली तरी पॉडकास्टमधील विधान पडताळण्यासाठी पुरेसे होते. निकाल किती न्यायाधीशांचा आहे आणि त्यात भिन्नमत आहे का, हेही पाहून घ्यावे; भिन्नमतातील एखादे सुंदर वाक्य ‘न्यायालय म्हणाले’ म्हणून वाचून दाखवले जाते, तेव्हा ते न्यायालयाचे मत नसते.

गुन्ह्याच्या बातम्या

गुन्हा नोंदवला जाणे म्हणजे तक्रारीची अधिकृत दखल घेतली जाणे. त्यानंतर तपास, दोषारोपपत्र, न्यायालयाकडून आरोपनिश्चिती, साक्षीपुरावा आणि निकाल असे टप्पे येतात. अटक ही यांतील शिक्षा नव्हे आणि जामीन म्हणजे सुटकेचा निर्वाळाही नव्हे. दोषारोपपत्र ठरावीक मुदतीत, म्हणजे गुन्ह्याच्या स्वरूपानुसार 60 किंवा 90 दिवसांत, दाखल झाले नाही म्हणूनही जामीन मिळतो, आणि त्याचा आरोपाच्या खरे-खोटेपणाशी संबंध नसतो.

राजकीय व्यक्तींच्या बाबतीत ‘क्लीन चिट’ हा शब्द फार वापरला जातो. महाराष्ट्रात पोलीस तपास बंद करताना न्यायालयाकडे ‘ए’, ‘बी’ किंवा ‘सी’ समरी अहवाल देतात. ‘ए’ म्हणजे गुन्हा खरा, पण छडा लागला नाही. ‘बी’ म्हणजे तक्रार खोटी आणि द्वेषमूलक. ‘सी’ म्हणजे तक्रार गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची. तिन्हींचा अर्थ अगदी निराळा असून तिन्ही न्यायालयाने स्वीकारावे लागतात. दंडाधिकारी पुढील तपासाचा आदेशही देऊ शकतात. म्हणून क्लीन चिट मिळाल्याचे ऐकल्यावर ती कोणी दिली, कोणत्या समरीने आणि न्यायालयाने ती स्वीकारली का, एवढे विचारावे.

आकडे आणि सर्वेक्षणे

आकड्याच्या बाबतीत ‘किती’ यापेक्षा ‘कोणाला मोजले’ हा प्रश्न आधी येतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, जे 2019 ते 2021 या काळात झाले, दर हजार पुरुषांमागे 1,020 स्त्रिया आढळल्या आणि भारतात प्रथमच स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त झाल्याची चर्चा सर्वत्र रंगली. 2011 च्या जनगणनेत हे प्रमाण 943 होते. परंतु सर्वेक्षण नमुना म्हणून निवडलेल्या कुटुंबांत आदल्या रात्री मुक्कामाला असलेल्या लोकांवर आधारलेले असते. कामासाठी परगावी गेलेले, वसतिगृहात किंवा बराकीत राहणारे पुरुष त्यातून सुटतात. जनगणना सर्वांना मोजते. त्याच सर्वेक्षणात गेल्या पाच वर्षांत जन्मलेल्या बालकांचे प्रमाण दर हजार मुलांमागे 929 मुली असे होते, आणि मुलींच्या जन्माविषयी काही म्हणायचे असेल, तर तो आकडा अधिक उपयोगाचा होता.

बेरोजगारीच्या आकड्याबाबत मोजमापाची पद्धत विचारावी. आवधिक श्रमशक्ती सर्वेक्षणात गेल्या 365 दिवसांच्या आधारे ‘नेहमीची स्थिती’ आणि गेल्या सात दिवसांच्या आधारे ‘साप्ताहिक स्थिती’ अशा दोन पद्धती आहेत. दुसऱ्या पद्धतीत आठवड्यात एका दिवशी एक तास काम केलेली व्यक्तीही रोजगारात धरली जाते. सरकारचा समर्थक एक आकडा सांगतो, विरोधक दुसरा, आणि दोघेही खरे असू शकतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत नोंदवलेले गुन्हे असतात, घडलेले सर्व गुन्हे नव्हेत. तक्रार नोंदवणे सोपे झाले तरी आलेख वर जातो. अर्थसंकल्पातील रक्कम ऐकली की ती अर्थसंकल्पीय अंदाज आहे, सुधारित अंदाज आहे की प्रत्यक्ष खर्च, हे पाहावे, कारण ‘हजार कोटी दिले’ या वाक्यातील हजार कोटी ही अनेकदा केवळ तरतूद असते. बेरोजगारीचा दर 4 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर गेला, तर ती वाढ एका टक्केबिंदूची आहे आणि तीच वाढ 25 टक्क्यांचीही आहे. वक्त्याने कोणता शब्द निवडला यावरून त्याचा कल मात्र कळतो.

निवडणुकीच्या अंदाजांवर फार वेळ घालवू नये. 1 जून 2024 रोजी संध्याकाळी बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला 350 हून अधिक जागा दिल्या होत्या. 4 जूनला 293 मिळाल्या. त्याच निवडणुकीत महाराष्ट्रात महाविकास आघाडीला 30 आणि महायुतीला 17 जागा मिळाल्या, तरी दोघांच्या मतांमधील फरक एका टक्क्याहून कमी होता. मतांचा अंदाज बरोबर असूनही जागांचा अंदाज का कोसळतो, हे यावरून समजते.

पाहुणे, मते आणि ‘सूत्रे’

चर्चेच्या भागात पाहुण्याची ओळख लक्ष देऊन ऐकावी. ‘राजकीय विश्लेषक’ म्हणून आलेली व्यक्ती एखाद्या पक्षाची माजी पदाधिकारी, सल्लागार किंवा त्याच खटल्यातील वकील असू शकते. यात गैर काही नाही, पण ते सांगितले गेले पाहिजे. पाहुण्याचे नाव आणि विषय एकत्र शोधले, तर दोन-तीन मिनिटांत हे कळते. ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ या शब्दांनी सुरू होणारे वाक्य टाळावेच असे नाही. अनेक महत्त्वाच्या बातम्या तशाच बाहेर येतात. मात्र मंत्रिमंडळ विस्तार, उमेदवारी किंवा पक्षांतर यांविषयीची सूत्रांची बातमी बहुधा कोणीतरी हेतूने पेरलेली असते, म्हणून ती ऐकावी आणि पुढे पाठवू नये.

एखादे विधान तपासल्यावर चुकीचे आढळले, तर समाजमाध्यमांवर टोमणा मारण्याऐवजी पॉडकास्टच्या वर्णनात दिलेल्या पत्त्यावर लिहावे. पत्रात भागाची तारीख, विधान कितव्या मिनिटाला आहे, त्यातील नेमके शब्द आणि मूळ कागदाचा दिनांक व क्रमांक द्यावा; मत आणि चूक यांची गल्लत करू नये, कारण निवेदकाचे विश्लेषण आपल्याला न पटणे ही दुरुस्तीची बाब नसते. मूळ कागद संकेतस्थळावर मिळतच नसेल, तर माहिती अधिकार अधिनियम 2005 खाली संबंधित कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, ज्याचे उत्तर साधारणतः 30 दिवसांत देणे बंधनकारक आहे. असा अर्ज करताना ‘योजनेविषयी सर्व माहिती द्यावी’ असे न लिहिता, अमुक दिनांकाच्या मंत्रिमंडळ निर्णयावर निघालेल्या शासन निर्णयाची व त्यातील दुरुस्त्यांची प्रत मागावी.